गूळ पाठवा, फराळ राहू द्या

तुमची पत्रं, ताईंची उत्तरं

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. मी राजारामपुरीत राहते, निवृत्त शिक्षिका आहे. डी.एड.ला असताना हॉस्टेलवर माझ्या खोलीत अलिबागकडची एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, मुलगी होती. लग्न झालं आणि ती इस्रायलला गेली. आता अश्दोदला असते. मराठी अजून खणखणीत बोलते. तिची लेक स्देरोतला, म्हणजे गाझाच्या हद्दीला लागून असलेल्या गावात राहते. नातू आठ वर्षांचा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचा हल्ला झाला तेव्हा तो आईबापांबरोबर घरातल्या काँक्रीटच्या खोलीत कोंडून होता. पुढे कित्येक महिने हॉटेलात काढले, आता घरी परतलेत. पण मोटारसायकल फुरफुरली तरी पोरगं टेबलाखाली शिरतं. त्यांचे सण आता तोंडावर आलेत. मैत्रीण म्हणते, "सण आला की पोटात गोळा येतो गं." मागच्या वर्षी तो सणाच्या मांडवात जेवायला बसलाच नाही. कधी कधी तिचा फोन पहाटे चारला येतो, तेव्हा तिकडे दीड वाजलेला असतो. हॉस्टेलवर ती त्यांच्या 'खिरीच्या सणा'च्या गोष्टी सांगायची, नारळाच्या दुधातली खीर, ते सगळं आठवतं. आमची बायकांची भिशी आहे. त्याला आणि त्याच्या वर्गातल्या मुलांना फराळाचे डबे, खेळणी आणि थोडे पैसे पाठवावेत असं आम्ही ठरवलंय. मुलं डबे उघडतील तेव्हा आम्ही सगळ्याजणी व्हिडिओ कॉलवर बघणार आहोत. काय काय पाठवावं? पैसे कसे पाठवायचे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर

बाई, बेत मनापासूनचा आहे, त्यात शंका नाही. फक्त तो व्हिडिओ कॉल आजच रद्द करा. बाकीचं आपण बसून ठरवू.

स्देरोत आपल्या जयसिंगपूरहून लहान. गाझा पट्टीची हद्द तिथून मैलभरावर. २००१ पासून तिकडून रॉकेटं येत आली. रॉकेट सुटलं की भोंगा होतो, आणि भोंग्यापासून आडोशाला पोचायला माणसाच्या हातात १५ सेकंदं असतात. एवढ्यात आपल्याकडे चपला सापडत नाहीत. म्हणून तिथले बसथांबे काँक्रीटचे आहेत. बागेत काँक्रीटचा एक मोठा रंगीत सुरवंट आहे. पोरं एरवी त्याच्या पोटातून रांगत खेळतात आणि भोंगा झाला की त्याच पोटात शिरतात. २००९ मध्ये एका जुन्या गोदामात मुलांसाठी बंदिस्त खेळघर केलं, त्याच्या आतसुद्धा आडोशाच्या खोल्या आहेत. २०११ पासून 'आयर्न डोम' यंत्रणा बरीचशी रॉकेटं वरच्यावर पाडते, पण भोंगा व्हायचा तो होतोच, आणि आकाशातला दणकाही होतोच. अशा गावात वाढलेल्या पोराच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते: डोक्यावर काँक्रीट आहे की नाही ते आधी बघायचं.

आता त्यांचा तो मांडव बघा. सुक्कोत नावाचा सण असतो, त्यात अंगणात किंवा गॅलरीत झावळ्या-फांद्यांचा मांडव घालून सात दिवस तिथे जेवायचं. छत विरळ असावं लागतं, वरचं आकाश दिसलं पाहिजे अशी रीत आहे. ज्या पोराला जन्मापासून छप्पर जाड असेल तिकडे पळायला शिकवलं, त्याला सांगायचं, बाळा, आज पानांखाली बसून जेव. नाही बसला. त्याला हट्टी म्हणू नका, पोरगं हिशेबानं वागतंय.

आणि त्यात ७ ऑक्टोबर. तो शनिवार होता आणि सिम्हात तोराचा दिवस होता, म्हणजे सणांच्या रांगेतला अगदी शेवटचा, पवित्र ग्रंथाच्या गुंडाळ्या हातात घेऊन नाचायचा दिवस. त्यांचं पंचांग चंद्राच्या महिन्यांचं आहे, तेव्हा इंग्रजी तारीख दरवर्षी मागेपुढे होते. पोराचं अंग तारखेवर चालत नाही. नववर्षाचं मध-सफरचंद ताटात आलं, मग उपास झाला, मग मांडव उभा राहिला, की त्याच्या पोटाला कळतं पुढे काय येतं ते. आजीच्या पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. हे वेड नाही आणि लाड तर मुळीच नाहीत. मी नोकरीची बरीच वर्षं मानसोपचार विभागात काढली. अपघातातून वाचलेली, घर जळालेली, मारहाण सोसलेली माणसं वर्षभर कशीबशी सावरलेली असतात आणि नेमकी सणाला कोसळतात. घर पाहुण्यांनी भरतं, आवाज वाढतो, नेहमीच्या वेळा मोडतात, आणि वर सगळे म्हणतात, "अरे हस की जरा, सण आहे."

म्हणून व्हिडिओ कॉल नको म्हटलं. अनोळखी बायका पलीकडून तोंडाकडे टक लावून बसल्या की पोराला आनंद झालेला दाखवावा लागतो. तुम्हाला तो दिसेलही. मग कॉल बंद झाल्यावर त्याच्या आईला विचारा रात्र कशी गेली.

त्याच्या उपचाराची काळजी तुम्ही करू नका. ती सोय तिकडे आहे. 'नाताल' नावाची संस्था १९९८ पासून हल्ल्यांतून वाचलेल्यांसाठीच काम करते, तिची फोनसेवाही आहे. शिवाय गाझाभोवतीच्या गावांमधून समुपदेशनाची केंद्रं आहेत. फोनवर त्याला कुणी "काय झालं होतं रे तेव्हा?" असं विचारू नका, एवढंच सांभाळा. बळेबळे आठवण काढून घेतल्यानं मन मोकळं होतं हा आपल्याकडचा लाडका समज आहे. जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका म्हणून सांगते.

आता फराळाचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती, ५५ फुटांच्या वर पाणी गेलं. ऑक्टोबरअखेर दिवाळी. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात मी समुपदेशनाला जात होते, आणि त्या आठवड्यात फराळाच्या डब्यांचे टेम्पोच्या टेम्पो येत होते. एका घरात अकरा डबे एकावर एक रचलेले. घरची बाई साठीची असेल. भिंतीवर पाण्याची रेघ तिच्या डोक्याच्याही वर. मला म्हणाली, "ताई, ह्ये समदं लई ग्वाड हाय. पर माझा सोऱ्या गेला वाहून. सोऱ्या द्या की कुनीतरी." बाजारात दोन-अडीचशे रुपयांना मिळणारी वस्तू, पण एकाही टेम्पोत ती नव्हती. आम्ही लक्ष्मीपुरीतून पितळी सोऱ्या आणला, सोबत भाजणीची पिशवी. दुसऱ्या दिवशी गेले तर बाई चुलीपुढं. पहिल्या घाण्यातल्या चकल्या तुटल्या, तशी सुनेवर कडाडली: "मोहन कमी घातलंस! डोळं कुटं हुतं तुजं?" सून पदरात तोंड घालून हसत होती. मला नंतर बाहेर येऊन म्हणाली, पूर आल्यापास्नं सासूबाई आज पहिल्यांदा वरडल्या.

तेव्हापासून सणाच्या मदतीचा विषय निघाला की मी एकच विचारते: घरच्या बाईला त्यातलं काही स्वतः करता येणार आहे का? आलेला सण नुसता घ्यायचा आणि आभार मानायचे, याचा हल्ला सोसलेल्या घराला थकवा येतो. आधीच त्यांच्या आयुष्यातलं सगळं दुसरं कुणी ठरवत आलंय. कधी पळायचं, कुठल्या हॉटेलात राहायचं, कधी परतायचं. निदान सणाला काय शिजणार ते तरी त्यांचं त्यांना ठरवू द्या. ज्यू लोकांत याची जुनी रीतच आहे. पेसाखच्या सणाआधी गरिबाघरी गव्हासाठी, पिठासाठी पैसे पोचवायचे, रोटी त्यांनी आपल्या घरी करायची.

आणि आपल्याला हे परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. सैबेरिया बघून आलेली माणसं ती. तिथे त्यांचं चर्च होतं, त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, स्काउटची पथकं होती. नाताळ त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केला. कोल्हापूरनं जागा दिली आणि सणात नाक खुपसलं नाही. त्यातली लहान पोरं म्हातारी होऊन परत कोल्हापूर बघायला आली. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ तुम्ही येता-जाता पाहिलाच असेल.

तर तुमची यादी. फराळाचे डबे राहू द्या. खाण्याच्या बाबतीत त्यांचे कोशरचे नियम असतात, शाळेत तर घरगुती परदेशी डबा आत घेणारच नाहीत. वर्गातल्या मुलांचा विषय त्यामुळे तिथेच संपला, त्यांच्या आयांना तुम्ही ओळखतही नाही. खेळणी त्या एकट्यासाठी, तीही त्याच्या आईला विचारून. शिट्टी, फुगे, टिकल्यांचं पिस्तूल, दिवे लागून भोंगा वाजवणारी पोलीस गाडी, यातलं काही नको. तुम्हाला हसू येईल, पण पुरानंतर आपल्याकडे वाटलेल्या खेळण्यांत पाण्याची पिचकारी होती.

मैत्रिणीसाठी मात्र किलोभर गूळ पाठवा. नुसता, विनारसायनाचा, शाहू मार्केट यार्डात बघून घेतलेला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आपल्याला त्याची चव माहीत आहे ती त्याआधीपासून. पाठवण्यापूर्वी तिला विचारा, घरात चालेल ना आणि टपालात अडणार नाही ना. चालत असेल तर खिरीचा सण तिच्या हातात आला. नारळ तिकडे मिळतो. नातवाला गूळ किसायला बसवू दे. मांडवात बसून खायची की काँक्रीटच्या खोलीत बसून, ते पोराला ठरवू दे. खीर कुठेही खाल्ली तरी खीरच.

पैशांचं. परदेशी भेट किंवा दान पाठवायला रिझर्व्ह बँकेची योजना आहे. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. तुमची भिशी त्या आकड्याच्या आसपासही फिरकणार नाही, निर्धास्त राहा. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर जा, पॅन न्या, ए-टू नावाचा अर्ज भरा, कारणात 'भेट' लिहा आणि थेट मैत्रिणीच्या खात्यावर पाठवा. प्रत्येक वेळी बँक आपला आकार कापते, तेव्हा दर महिन्याला चिमूटभर पाठवू नका. सगळ्यांचे पैसे एकीच्या खात्यात गोळा करून पाठवायचे असतील तर बँकेला आधी विचारून घ्या. ८०-जीची करसवलत यावर नाही, ती इथे नोंदलेल्या संस्थांना दिलेल्या दानावर मिळते. आणि पैसे देताना "खेळण्यांसाठी" म्हणू नका. त्या घराला बहुधा भोंग्यापासून लांब चार दिवस जायचं असेल. स्देरोतच्या कुटुंबांना अशी शांत ठिकाणची सुट्टी मिळवून देणं हे तिथल्या मदत करणाऱ्यांचं जुनं काम आहे, आणि मला विचाराल तर खेळण्यांच्या ढिगापेक्षा ते मोलाचं. कुठे जायचं, कधी जायचं, की घरीच थांबून त्या पैशात गिझर दुरुस्त करायचा, ते त्यांनी बघावं. हिशेब मागू नका.

आणखी एक. तुम्ही सगळं पत्र नातवावर लिहिलंत, पण पहाटे चारला फोन करते ती आजी. लेकीपुढे ती रडणार नाही, नातवापुढे तर नाहीच. मराठीत रडायला तिला तिकडे किती जणी उरल्या असतील? भिशीत तुम्ही बऱ्याचजणी आहात. आठवड्याला एकीनं, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तिला फोन करायचा. भाजी काय केलीस, गुडघा कसा आहे, महाद्वार रोडला आता गाडी लावायला जागा मिळत नाही, असलं काहीही बोलायचं. रॉकेटचा विषय तिनं काढला तर ऐकायचं, तुम्ही काढायचा नाही. आणि हे सण संपल्यावरही चालू ठेवायचं. मदतीचे फोन सणाच्या आठवड्यात सगळ्यांचेच येतात, पुढच्या महिन्यात कुणी नसतं.

पत्र दुसरं

ताई, माझे मालक फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नियंत्रण रेषेवर असताना त्यांच्या बंकरशेजारी तोफगोळा पडला होता, त्याबद्दल ते बोलत नाहीत. दिवाळीत पहिल्या दिवशी अंघोळ झाली की रानातल्या खोपीत जातात, ते भाऊबीज झाल्यावरच येतात. मे २०२५ मध्ये टीव्हीवर पूंछवर पडणारे गोळे दाखवत होते, तेव्हापासून रात्रीची झोपही गेलीय. गावात पोरं हसतात, "फौजी फटाक्याला भितोय." थोरल्या मुलाला लाज वाटते. यंदा जबरदस्तीनं घरी बसवायचं म्हणतोय. काय करू?
— कागल तालुक्यातून

उत्तर

बसवू नका. मुलाला हे पान वाचायला द्या.

बाळा, तुझे वडील फटाक्याला भीत नाहीत. दणका झाला की आडवं व्हायचं, हे त्यांच्या अंगानं तिथे शिकलं आणि त्याच शिकण्यावर ते जिवंत घरी आले. अंगाला कुणी सांगितलेलं नाही की आता कागल आलं. ज्या देशात बहुतेक तरुणांना फौजेत जावं लागतं त्या इस्रायलनं २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सरकारी सोहळ्यातली आतषबाजी बंद केली, ती याच त्रासातल्या जवानांसाठी. त्यात भित्रेपणाचा प्रश्नच नव्हता. लाजायचं असेल तर हसणाऱ्या पोरांसाठी लाज.

वहिनी, खोप ही त्यांनी स्वतः शोधलेली युक्ती आहे आणि चांगली आहे. ती मोडू नका. फक्त त्यांनी एकट्यानं का जायचं? यंदा लक्ष्मीपूजन झालं की फराळाचा डबा घेऊन तुम्हीही जा. जमलं तर नातवंडांना खोपीसमोर किल्ला करू द्या, माती तिथे हवी तेवढी आहे, मावळे मांडायला आजोबांएवढा जाणता माणूस गावात दुसरा नसेल. घरातला सण दोन तास रानात नेला म्हणून लक्ष्मी रुसत नाही.

गल्लीतल्या मंडळाच्या पोरांकडे मुलानं जावं, तुम्ही नको. फटाके बंद करा असं म्हणू नये, ते ऐकणार नाहीत. वेळ मागावी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती, तेवढी पाळा आणि सुतळी बॉम्ब आमच्या दारापासून लांब लावा, एवढंच. कधी वाजणार हे आधी माहीत असलं तर निम्मा त्रास कमी होतो, अवचित झालेला दणका माणसाला फोडतो.

झोप मात्र अंगावर काढू नका. मे महिन्यापासूनचं दुखणं आहे म्हणता, महिन्याच्या वर गेलं की डॉक्टरला दाखवायचंच. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेची सोय आहे, कार्ड असेल तर काढून ठेवा. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून ते नको म्हणतील, तर आधी १४४१६ वर फोन लावून द्या. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं. नाव-गाव सांगायची सक्ती नाही. यावर बोलण्याचे नेमके उपचार आहेत, नुसत्या गोळ्या नाहीत. आणि दारू वाढली असेल, किंवा "मी नसलेलो बरा" असं काही तोंडातून निघालं, तर दिवाळीची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

पत्र तिसरं

मागच्या अंकात तुम्ही रॉकेट हल्ल्याच्या भोंग्यानं दचकणाऱ्या इस्रायली मुलांचा ओझरता उल्लेख केलात. गाझातली मुलं तुम्हाला दिसत नाहीत का?
— शाहूपुरी

उत्तर

दिसतात. तिथे तर १५ सेकंदांचा भोंगाही नाही आणि शिरायला काँक्रीटची खोलीही नाही. ज्या पोरानं घर आणि शाळा दोन्ही गमावली, त्याच्या भीतीची तुलना मी कशाशीही करणार नाही. मला वरच्या बाईंनी अश्दोदच्या मैत्रिणीबद्दल विचारलं म्हणून मी स्देरोतबद्दल लिहिलं. तुमची मैत्रीण खान युनिसला असती आणि ईदेला काय पाठवू असं तुम्ही विचारलं असतंत, तर तिच्या घराबद्दल लिहिलं असतं. भीती दोन्हीकडच्या मुलांच्या अंगात सारखीच शिरते, अंथरूण दोन्हीकडे ओलं होतं. युद्ध कुणाचं बरोबर यावर बिंदू चौकात रोज संध्याकाळी चर्चा होते, तिथे जा. मुलांना मदत करायची असेल तर गाझात युनिसेफ मुलांच्या मानसिक आधाराचं काम करतं, तिकडे द्या. तुम्ही तिकडे दिलंत आणि राजारामपुरीच्या बाईंनी स्देरोतला, तर कुणाचं काही कमी होत नाही.

पत्र चौथं

आदरणीय ताई, आमच्या तालीम मंडळाचा सजीव देखावा दरवर्षी गाजतो. यंदा विषय 'रॉकेट हल्ला' घेतलाय. अंधार, सायरन, धूर, लाल दिवे, रक्ताळलेले कपडे घातलेली लहान मुलं, शेवटी बाप्पा येऊन रॉकेट अडवतात. बाहेर दानपेटी ठेवून येणारी रक्कम सीमेवरच्या हल्लाग्रस्त गावांना दिवाळीची भेट म्हणून पाठवणार आहोत. पेठेतल्या एका काकांनी हरकत घेतली की याचा माणसांना त्रास होईल. तुमचं मत छापावं म्हणजे वाद मिटेल.
— मंडळाचा कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर

काका बरोबर बोलताहेत. वाद मिटला.

विषय वाईट नाही रे पोरांनो, पण तुमच्या पेठेत किती घरांतली माणसं फौजेत आहेत ते मोजा. वर कागलच्या वहिनींचं पत्र वाचा. तसा एखादा माणूस नातवाचा हात धरून बाप्पा बघायला आला, अंधारात शिरला, आणि तुम्ही कानाशी सायरन सोडलात तर? आणि ती रक्ताळलेली लहान मुलं रोज रात्री दहा वाजेपर्यंत मेल्याचं सोंग करणार. त्यांच्या आयांना विचारलंत का?

देखावा करायचाच तर पोलिश लोकांच्या वळिवडे छावणीचा करा. चर्चची घंटा, शाळेचे वर्ग, सोनेरी केसांची पोरं आणि आपली माणसं. कोल्हापूरचाच विषय, कुणी केलेला मी तरी पाहिलेला नाही, सायरन लागत नाही आणि गर्दी नक्की खेचेल. जुने फोटो मिळतात, पेठेतल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर वडिलांकडून ऐकलेलं सांगतील.

दानपेटी ठेवा. पण पैसे "सीमेवरच्या गावांना" असं मोघम नको, कुणाला देणार ते आधी ठरवा आणि पेटीवर लिहा. मे २०२५ मध्ये पूंछ, राजौरी, उरी भागातल्या घरांवर गोळे पडले. तिथल्या जिल्हा प्रशासनाशी पत्रव्यवहार करून काय हवं ते विचारा, कदाचित पत्रे हवे असतील, कदाचित शाळेला दप्तरं. बुंदीचे लाडू नक्कीच नको असतील. नोंदणीकृत संस्थेमार्फत दिलेत तर ८०-जीची पावती मिळते. रोख मात्र २ हजारांच्या वर चालत नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला सवलत नाही, हे पेठेतल्या व्यापाऱ्यांना आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्याच नावानं शिमगा करतील.

सायरनचा आणि धुराच्या यंत्राचा ॲडव्हान्स दिला असेल तर तो परत मागा, अजून वेळ आहे. पोलिश छावणीचं ठरलं तर कळवा, मी उद्घाटनाला येईन. हार-शाल नको, पण पांढऱ्या रश्श्याचं बघा काहीतरी. अर्थात विसर्जन झाल्यावर.